व्हॉइडमधली गर्दी: एका मिश्रणाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

काम एका ओळीत सांगायचं तर द्रव क्रोमॅटोग्राफीने (बारीक कण भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रावकाबरोबर वाहताना मिश्रणातले घटक वेगळे करणं) अकरा जीवनसत्त्वं, एक व्हायल (नमुन्याची छोटी बाटली) आणि शक्यतो एकच रन. पाण्यात विरघळणारी सात: सी, बी-१, बी-२, नायासिनामाइड (बी-३), पॅन्टोथेनेट (बी-५), बी-६, बी-१२. तेलकट चार: रेटिनिल अ‍ॅसिटेट, डी-३, टोकोफेरिल अ‍ॅसिटेट आणि के-१. फोलिक आम्ल यादीतून आधीच काढलं. ते विरघळवायला अल्कली लागते, आणि अल्कलीत सी आणि बी-१ दोघंही टिकत नाहीत. एकाच व्हायलीत यांचं जमणार नाही.

नेहमीचा सी-१८ कॉलम लावला, तेलकट रेणूंना धरून ठेवणारा. १५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन, प्रवाह मिनिटाला १ मिली. ०.१% फॉर्मिक आम्ल आणि मेथनॉल, मेथनॉल ५ वरून १०० टक्क्यांपर्यंत वाढवत नेणारा ग्रेडियंट. यात नवं काही नाही, कुठून सुरुवात करायची ते कळावं म्हणून पहिला रन.

निकाल अपेक्षेप्रमाणेच. सी आणि बी-१ सरळ व्हॉइडमध्ये (कॉलमवर अजिबात न थांबणारे रेणू बाहेर पडतात त्या वेळेला), १.६ मिनिटांना, एकमेकांच्या अंगावर. बी-६ त्यांच्या पाठीला चिकटून. मधली मंडळी शहाण्यासारखी वेगळी झाली. के-१ मात्र १०० टक्के मेथनॉल चालू होऊन बराच वेळ झाला तरी येईना. अखेर ३८व्या मिनिटाला आलं, पसरट, थकल्यासारखं.

यात कॉलमचा दोष नाही. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा (म्हणजे सीचा) लॉग पी, म्हणजे तेलाच्या ओढीचं लॉगमधलं माप, −१.८५, के-१ चा गणिती अंदाज दहाच्या आसपास. लॉग असल्यामुळे हे अंतर कागदावर लहान दिसतं. प्रत्यक्षात पाणी सोडून तेलात जायची एकाची ओढ दुसऱ्याच्या लाख कोटी पट आहे. दोघांना एकाच जाजमावर बसवायचं म्हणजे एक जण बसायच्या आधीच उठणार आणि दुसरा उठायचं नावच घेणार नाही.

१३ जानेवारी

आजची चूक सर्वस्वी माझी. बी-१ चं पीक (आलेखावरचं शिखर) शेपटी काढत होतं. कॉलमच्या सिलिका कणांवरचे मोकळे सिलॅनॉल गट त्याच्या धन प्रभाराला धरून ठेवतात, म्हणून पीएच २.५ चा २५ मिलिमोल फॉस्फेट बफर केला. शेपटी खरंच आखडली. त्या आनंदात मेथनॉलच्या जागी अ‍ॅसिटोनायट्राइल जोडलं आणि ग्रेडियंट ९५ टक्क्यांपर्यंत तसाच ठेवला.

प्रेशर १४० बारवर होतं. २२व्या मिनिटाला २१०. मग ३००. मग पंप स्वतःच थांबला. मिक्सर उघडला तर जाळीवर पांढरी पूड, नखाने खरवडली तर कुरकुरीत. अ‍ॅसिटोनायट्राइलचं प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेलं की फॉस्फेट विरघळून राहत नाही, हे दुसऱ्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे.

मिक्सर आणि लाइन ५% अ‍ॅसिटोनायट्राइल असलेल्या पाण्याने, ०.२ मिलीच्या प्रवाहाने, रात्रभर धुवायला लावली. यापुढे या प्रकल्पात फॉस्फेट नाही, अमोनियम फॉर्मेट. ते सेंद्रिय द्रावकात बरंच तग धरतं. तोटा असा की फॉर्मेट २१० नॅनोमीटरच्या खाली प्रकाश शोषतं, आणि पॅन्टोथेनेट दिसतं ते नेमकं तिथेच. बी-५ चं काय करायचं ते पुढे बघू.

१६ जानेवारी

सुरुवातीचं ५% मेथनॉलही काढून टाकलं. शंभर टक्के जलीय, पीएच ३ चं फॉर्मेट. नायासिनामाइड ४.१ मिनिटांना, बी-६ व्हॉइडपासून सुटलं, बी-१ सुद्धा किंचित मागे सरकलं. सलग सहा इंजेक्शनं एकसारखी आली. संध्याकाळी पंप बंद करून घरी.

१७ जानेवारी

सकाळी तोच कॉलम, तीच बाटली, तीच व्हायल. नायासिनामाइड १.९ मिनिटांना. आधी वाटलं इंजेक्टर चुकला, मग वाटलं प्रवाह वाढला. मोजपात्रात दहा मिनिटं द्रव गोळा केला, बरोबर १० मिली भरला. युरॅसिल (कॉलमवर न थांबणारं, व्हॉइड मोजायचं संयुग) टोचलं तर व्हॉइडची वेळसुद्धा पुढे आलेली.

मग उलगडलं. सी-१८ च्या कणांतली छिद्रं शंभर अँग्स्ट्रॉमच्या घरातली, आतून मेणासारखी. शुद्ध पाणी तिथे स्वखुशीने जात नाही, पंपाच्या दाबाने आत राहतं. रात्री दाब गेला आणि छिद्रांनी पाणी बाहेर टाकलं. सकाळी पंप सुरू झाला तरी ती पुन्हा ओली झाली नाहीत. कॉलमचं जवळजवळ सगळं पृष्ठफळ छिद्रांच्या आत असतं, त्यामुळे रेणूंना बसायला जागाच उरली नाही. छिद्रांतला द्रव गेल्यामुळे व्हॉइडही आकसला. पूर्वी याला ‘साखळ्या आडव्या पडल्या’ (कणांवर चिकटवलेल्या १८ कार्बनच्या) असं म्हणायचे, मलाही तसंच शिकवलं होतं. पण साखळ्या नुसत्या आडव्या पडल्या असत्या तर युरॅसिलची वेळ एवढी का हलली असती?

६०% अ‍ॅसिटोनायट्राइल २० मिनिटं सोडलं, मग हळूहळू पाण्यावर आणलं. नायासिनामाइड परत ४.१. कॉलम जिवंत आहे.

२० जानेवारी

पाण्याला न बिचकणारा एक्यू प्रकारचा सी-१८ आला. याच्या पृष्ठभागावर ध्रुवीय गट ठेवलेले असतात, त्यामुळे छिद्रं कोरडी पडत नाहीत. पंप मुद्दाम दोनदा बंद करून पाहिला, रिटेन्शन (रेणू कॉलमवर थांबण्याची वेळ) जागच्या जागी.

तरी मूळ दुखणं तसंच. सीचा रिटेन्शन घटक, म्हणजे के (जीवनसत्त्व नव्हे, व्हॉइडच्या मानाने रेणू किती जास्त थांबतो ते), ०.३ च्या आसपास. रिझोल्यूशनच्या (दोन पीकं किती वेगळी होतात त्याच्या) सूत्रात के भागिले (१ + के) हा तुकडा असतो. के ०.३ असेल तर तो ०.२३ भरतो, के २ झाला तर ०.६७. म्हणजे कॉलमची पाऊण ताकद सीच्या बाबतीत वाया जाते, मग थाळ्यांची संख्या (कॉलमच्या वेगळं करण्याच्या क्षमतेचं माप) कितीही वाढवा. बी-१ तर चतुर्थक क्षार, पीएच कितीही हलवला तरी त्याचा प्रभार जात नाही.

हेक्झेनसल्फोनेट घालून आयन जोडी (प्रभारित रेणूला उलट प्रभाराचा तेलकट जोडीदार) करावी असं शेजारच्या बाकावरच्या ताईंनी सुचवलं. त्यांची पद्धत त्यावर वर्षानुवर्षं चालते आहे आणि बी-१ त्याने खरंच छान मागे जाईल. पण सीला त्याचा उपयोग नाही. कॉलम एकदा त्या क्षारात मुरला की दुसऱ्या कामाचा राहत नाही, आणि पुढेमागे मास स्पेक्ट्रोमीटर जोडायचं झालं तर दार बंद. नको म्हटलं. ताई म्हणाल्या, “येशील परत.” बघू.

२४ जानेवारी

हिलिक लावला, म्हणजे ध्रुवीय रेणूंना धरून ठेवणारा कॉलम. झ्विटरआयनी (धन-ऋण दोन्ही प्रभार असलेला), १५० × ४.६ मिमी. ९०% अ‍ॅसिटोनायट्राइलने सुरुवात, पाणी वाढवत नेलं.

पहिलं क्रोमॅटोग्राम (रनचा आलेख) फ्रेम करून ठेवण्याच्या लायकीचं. सीची दोन शिखरं, एक बुटकं व्हॉइडपाशी, एक पाच मिनिटांना. बी-१ ची तीन, तिसऱ्याला पायऱ्या. क्षणभर वाटलं नमुना खराब झाला. पण पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला हाच आकार, बारकाव्यांसकट, आणि नमुना असा शिस्तीत खराब होत नाही. दोष डायल्युएंटचा (नमुना ज्यात विरघळवला त्या द्रवाचा) होता. मी १० मायक्रोलिटर पाणी टोचत होतो, आणि हिलिकमध्ये पाणी हाच सगळ्यात ताकदवान द्रावक. नमुन्यातले काही रेणू त्या पाण्याच्या थेंबात बसूनच पुढे वाहून गेले, उरलेले मागे कॉलमला चिकटले.

डायल्युएंट ८५% अ‍ॅसिटोनायट्राइल, इंजेक्शन २ मायक्रोलिटर. आता सी ५.२ आणि बी-१ ९.४ मिनिटांना, दोन्ही उभी आणि सडपातळ. पीक आलं म्हणायला हरकत नाही. (प्रयोगशाळेत पीक येणं आणि शेतात पीक येणं यासाठी मराठीत एकच शब्द आहे, आणि दोन्हींची वाट बघताना माणूस सारखाच दिसतो.)

हिलिकला घाई चालत नाही. कणांवर पाण्याचा पातळ थर बसलेला असतो आणि ध्रुवीय रेणू त्या थरात शिरून थांबतात. ग्रेडियंटमध्ये तो थर बिघडतो आणि पुन्हा बसायला वेळ घेतो. वीस कॉलम आकारमानं धरली तर १.६ गुणिले २०, म्हणजे ३२ मिली आणि तितकीच मिनिटं. दहा मिनिटांवर भागवून पाहिलं तर बी-१ दर रनला थोडं थोडं सरकत राहिलं.

आणि तेलकट चार? चौघंही व्हॉइडमध्ये, एका ढिगाऱ्यात. सी-१८ वर जो गोंधळ ध्रुवीयांचा होता, तोच इथे अध्रुवीयांचा. गर्दी हटली नाही, फक्त माणसं बदलली.

२७ जानेवारी

बाकावर काम नव्हतं, वाचत बसलो. वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेतने १९०६ मध्ये ‘क्रोमॅटोग्राफी’ हे नाव छापलं तेव्हा त्याच्यापुढे पानांतली रंगद्रव्यं होती. खडूची भुकटी आणि कार्बन डायसल्फाइड यांच्यावर त्याचं भागलं, कारण ती सगळी साधारण एकाच गोत्रातली. १९४१ मध्ये मार्टिन आणि सिंज यांनी सिलिका जेलमध्ये पाणी धरून ठेवलं आणि त्यावरून क्लोरोफॉर्म वाहू दिला. त्यासाठी १९५२ चं नोबेल. पाणी जागेवर, सेंद्रिय द्रावक फिरता: आजच्या हिलिकचा हा पणजोबा. हिलिक हे नाव अल्पर्टने १९९० मध्ये दिलं. आणि १९५० मध्ये याच मार्टिनने हॉवर्डबरोबर सगळं उलटं केलं. तेलकट थर जागेवर, पाण्याळ द्रावक फिरता, वेगळी करायची ती लांब साखळीची मेदाम्लं. ‘रिव्हर्स्ड फेज’ हे नाव तिथलं.

म्हणजे दोन्ही टोकं एकाच माणसाने हाताळली होती, पण दोन वेगळ्या कामांसाठी. मी ती एका व्हायलीसाठी मागतो आहे. तर मग दोन्ही कॉलम एका ओळीत लावायचे.

२ फेब्रुवारी

जोडणी ठरली. आधी छोटा एक्यू सी-१८ (५० × २.१ मिमी), मागे मोठा हिलिक. अडचण मधल्या सांध्यात आहे. सी-१८ च्या व्हॉइडमधून ध्रुवीय मंडळी बाहेर पडतात ती जवळजवळ शुद्ध पाण्यात, आणि तसंच पाणी हिलिकवर ओतलं तर २४ तारखेचा तमाशा पुन्हा. म्हणून मध्ये टी-जोड. सी-१८ मधून मिनिटाला ०.१ मिली, दुसऱ्या पंपाने बाजूने ०.९ मिली अ‍ॅसिटोनायट्राइल. हिलिकपर्यंत पोचेपर्यंत ९०% अ‍ॅसिटोनायट्राइल झालेलं असतं आणि रेणू कॉलमच्या तोंडाशीच अडतात. क्षारही दहापट पातळ होतो, म्हणून सी-१८ च्या बाटलीत फॉर्मेट ५० मिलिमोल ठेवलं, हिलिकला त्याचे ५ मिळतात.

छोट्या सी-१८ चा व्हॉइड हिशोबाने ०.११ मिली, म्हणजे १.१ मिनिटं. त्यानंतर जी पाण्यातली दोन-तीन बाहेर पडतील ती हिलिककडे वळवायची, मग व्हॉल्व फिरवून सी-१८ सरळ डिटेक्टरला.

सहा तोंडांच्या व्हॉल्वची जोडणी, विसरायला नको म्हणून:
तोंड १ टी-जोडाकडे, २ सी-१८ ची बाहेरची बाजू, ३ डिटेक्टर, ४ हिलिकची बाहेरची बाजू, ५ टाकाऊ बाटली, ६ बुजवलेलं. स्थिती ‘अ’मध्ये १-२, ३-४, ५-६ जोडलेली, स्थिती ‘ब’मध्ये २-३, ४-५, ६-१.

दोन कॉलम एकामागे एक म्हणून प्रेशरची धास्ती होती, पण अ‍ॅसिटोनायट्राइल पाण्याच्या निम्म्याहूनही कमी चिकट. हिलिकने जेमतेम भर घातली.

डायल्युएंटसाठी ७०% आयसोप्रोपॅनॉल. दोन्ही टोकं त्यात सौम्य संहतीला तरी विरघळतात. पण टोचायचं १ मायक्रोलिटरच, जास्त नाही.

४ फेब्रुवारी

सी गायब.

क्रम असा होता: दोन मिनिटं ‘अ’, मग ‘ब’. ‘ब’मध्ये सी-१८ चा ग्रेडियंट, प्रवाह वाढवून ०.४, शेवटी अ‍ॅसिटोनायट्राइल आणि आयसोप्रोपॅनॉल. तेलकट चौघं सुरेख आले, के-१ शेवटी, १४ मिनिटांच्या आत. मग सी-१८ परत अ‍ॅसिटोनायट्राइलवर, ०.१ मिलीवर, व्हॉल्व ‘अ’वर आणि हिलिकचा ग्रेडियंट सुरू. बी-१ आलं. सी नाही. शून्य. बेसलाइन आरशासारखी.

दुपारभर व्हायल बदल, ताजं द्रावण कर, २४५ नॅनोमीटर तपास. सी हवेने ऑक्सिडाइझ होतं हे माहीत असल्यामुळे सगळा संशय त्या बिचाऱ्यावर. शेवटी माझाच २ तारखेचा कागद घेऊन बोटाने वाट धरली. ‘ब’ स्थितीत हिलिकची बाहेरची बाजू, तोंड ४, जोडलेली कुठे? तोंड ५ ला. टाकाऊ बाटली. आणि दुसरा पंप त्या सगळ्या वेळात मिनिटाला ०.९ मिली चालूच होता. बी-१ घट्ट बसलेलं असल्यामुळे टिकलं. सी हळूहळू सरकत सरकत बाटलीत गेलं. नमुना बिघडला नव्हता, मीच तो रोज फेकून देत होतो.

५ फेब्रुवारी

‘ब’मध्ये जाताच दुसरा पंप थांबवायचा. सी परतलं.

मग नवी शंका: पंधरा मिनिटं रेणू कॉलममध्ये नुसते उभे राहिले तर पसरणार नाहीत का? हिशोब केला. दहा हजार थाळ्यांच्या १५० मिमी कॉलमवर पट्ट्याचं प्रमाणित विचलन १५० भागिले १००, म्हणजे १.५ मिमी. विसरण गुणांक सेकंदाला १०⁻⁹ चौरस मीटर, कणांच्या अडथळ्यासाठी ०.६ ने गुणला, वेळ ९०० सेकंद. दुप्पट करून वर्गमूळ काढलं तर साधारण १ मिमी. दोन विचलनं सरळ मिळवायची नाहीत, त्यांचे वर्ग मिळवायचे: १.८ मिमी. म्हणजे रुंदीत सुमारे २० टक्के वाढ. प्रत्यक्षात सीची रुंदी १७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एवढी किंमत मान्य आहे.

९ फेब्रुवारी

दोन किरकोळ भानगडी. ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या इंजेक्शनमध्ये) के-१ चं छोटं भूत दिसत होतं. सुई धुवायला पाणी-मेथनॉल ठेवलं होतं, के-१ त्याला दाद देत नाही. आयसोप्रोपॅनॉल ठेवलं, भूत गेलं.

बी-२ रोज थोडं घटत होतं आणि त्याच्या मागे एक नवं पीक वाढत होतं. २६० नॅनोमीटरला दिसतं, ४४४ ला अजिबात नाही, म्हणजे पिवळेपणा गमावलेला. ल्युमिक्रोम, उजेडात बी-२ मोडून होणारं. साध्या काचेच्या व्हायली खिडकीसमोरच्या ट्रेमध्ये होत्या. तपकिरी व्हायली आणल्या. रेटिनिल अ‍ॅसिटेटलाही त्या हव्याच होत्या.

१२ फेब्रुवारी

बी-६ दोन ठिकाणी येतं. निम्मं सी-१८ च्या भागात, व्हॉल्व फिरल्या फिरल्या कापल्यासारख्या उभ्या कडेने. निम्मं हिलिकच्या भागात, सीच्या आधी. दोन्ही क्षेत्रफळांची बेरीज बरोबर, पण प्रमाण दर इंजेक्शनला वेगळं: ५५-४५, ४८-५२, ६०-४०. अशा आकड्यांवर कोण सही करणार?

व्हॉल्व दोन मिनिटांना फिरतो. डिटेक्टर सरळ सी-१८ ला जोडून ०.१ मिलीवर पाहिलं. सी १.३, बी-१ १.५, बी-६ १.९ ते २.२, नायासिनामाइड २.९. व्हॉल्व बी-६ च्या डोक्यावर पडत होता. पीएच ३ ला बी-६ वर धन प्रभार असतो, म्हणून ते असं अधांतरी. पीएच वाढवून त्याला मागे ढकलता आलं असतं, पण मग बाकी सगळे हलले असते. त्यापेक्षा व्हॉल्व हलवणं स्वस्त. २.२ आणि २.९ च्या मध्ये, २.४५ मिनिटांना.

आता बी-६ पूर्ण हिलिककडे. तिथे तो ३.६ ला येतो, सीपासून लांब. नायासिनामाइड पूर्ण सी-१८ कडे. कापण्याची जागा ही या पद्धतीतली सगळ्यात नाजूक गोष्ट, ग्रेडियंटपेक्षाही. कॉलम जुना होऊन रिटेन्शन दशांश मिनिटाने सरकलं तरी पुन्हा कोणीतरी चिरलं जाणार. म्हणून प्रत्येक तुकडीच्या सुरुवातीला फक्त बी-६ आणि नायासिनामाइड असलेलं एक इंजेक्शन. दोघं आपापल्या बाजूला आले तरच पुढे जायचं.

१६ फेब्रुवारी

सलग दहा इंजेक्शनं. शेवटी व्हॉल्व ‘ब’वर ठेवला की सी-१८ पाण्यावर परत येतो आणि त्याच वेळी दुसऱ्या पंपाने हिलिकचा थर सावरतो. टाकाऊ बाटलीकडे जाणारी जी वाट ४ तारखेला नडली तीच आता कामाची. एकूण चक्र ६५ मिनिटं. सीच्या क्षेत्रफळातली तफावत ०.९ टक्क्याच्या आत, बी-१ च्या ०.७, तेलकट चारांच्या १.५ च्या आत.

ताईंनी क्रोमॅटोग्राम पाहिलं आणि विचारलं, दोन वेगळ्या डायल्युएंटमध्ये दोन वेगळी इंजेक्शनं दिली असती तर? त्यांचं बरोबर आहे. रोज शंभर गोळ्या तपासायच्या असतील तर मीही तेच करीन: दोन यंत्रं, दोन सोप्या पद्धती, आणि कापायची भानगडच नाही. ही जोडणी नमुना इतका थोडा असेल की दोनदा टोचता येणार नाही, किंवा आत काय आहे हे आधी माहीतच नसेल, तेव्हाची. तसं लिहूनच अहवाल दिला.

पॅन्टोथेनेट अजून बाहेरच. २१० ला फॉर्मेटच्या उंच, डुलत्या बेसलाइनवर ते मोजण्यासारखं दिसत नाही. त्याच्यासाठी पुढच्या आठवड्यात मास डिटेक्टरवर दोन दिवस मागितले आहेत. फॉर्मेट तिथे चालतं, फॉस्फेट चाललं नसतं. तोवर फळ्यावर दहाच नावं आहेत, अकरावं कंसात.